कोपर

भाऊबीजेच्या सकाळी तुषार तिसऱ्यांदा पाटावरून उठला. त्याला बसवेना आणि उभंही राहवेना.

कानामागं चाहूलपट्टी बसवल्यापासून शरीराची राखणदारी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीची प्रत्येक हालचाल, त्याला जाणवायची. शिळ्या अन्नातला जंतू जिभेवर कडू लागायचा, सर्दीआधी दोन दिवस टाळूला मुंग्या यायच्या. आणि उजव्या ओटीपोटात मधूनमधून कुणीतरी कोपर मारायचं. ते पल्लवीताईनं दिलेलं मूत्रपिंड. ते परकं आहे हे शरीर विसरत नव्हतं. ताई चार वर्षांपूर्वी गेली, कोपर तेवढं राहिलं. लहानपणी पंगतीत ती असंच मारायची.

तेव्हापासून दर भाऊबीजेला बायको, अनघा, पाटासमोर निरांजन लावून ठेवायची. कोपर बसलं की तुषार ओवाळणी घालून उठायचा.

यंदा पंधरा दिवस तिथं काहीच जाणवलं नव्हतं.

"डॉक्टर पेढे मागतायत," अनघा म्हणाली. "शरीरानं मूत्रपिंड आपलं मानलं म्हणे. आणि तुम्ही तोंड पाडून बसलाय!"

"आपलं मानलं, तर मग ताई कुठंय?"

अनघानं रोजची गोळी आणि पाणी पुढ्यात ठेवलं. "ही मात्र चुकवायची नाही हं. शरीर पुन्हा मूत्रपिंडावर उलटायला वेळ लागत नाही," असं बजावून ती आत गेली.

तुषारनं खिशातून कालची आणि परवाची गोळी काढली. तिन्ही गोळ्या त्यानं तबकातल्या अक्षतांखाली ओवाळणीसारख्या ठेवल्या आणि कोपराची वाट पाहत पाटावर बसला.