धप्पा

स्कॉटलंडला शिकायला गेलेली शाल्मली डोंगरात खडकाआड लपली होती. हरवलेले गिर्यारोहक शोधणाऱ्या कुत्र्यांच्या सरावासाठी ती दर रविवारी हौसेनं हरवायची. परतलेली माणसं मोजायला तिची साताऱ्याची रूममेट गार्गी होती.

धुकं दाटलं आणि सराव थांबला. खालून गार्गीचा आवाज आला, "आले सगळे! चला, पार्टीला उशीर होतोय."

शाल्मली जिवाच्या आकांतानं ओरडली. गार्गीची गाडी घरघरत निघून गेली. एक कुत्रा मात्र मालकाच्या मोटारीत चढेना. वास काढत तोच वर आला. तिनं त्याला बक्षिसाचा चेंडू दिला.

त्याच्या मालकाच्या मोटारीतून शाल्मली खोलीवर पोचली, तेव्हा तिचेच झुमके घालून गार्गी आरशासमोर उभी होती.

तिनं गार्गीच्या पाठीत सणसणीत हात मारला. "धप्पा! राज्य तुझ्यावरच. आता नीट मोज."