भडकपणाचं मोजमाप

बाहेरून कुलूप घातलेल्या शिवणकारखान्याला आग लागली आणि आत नऊ बायका जळून गेल्या. ती बातमी मी दोन पेपरांतून घेतली. एक घरोघरी जाणारा, प्रतिष्ठित. दुसरा संध्याकाळी चौकात ओरडून विकला जाणारा. कोण किती भडक लिहितं, हे मला प्रबंधात आकड्यांनी दाखवायचं होतं. त्यासाठी विशेषणं मोजायची, उद्गारचिन्हं मोजायची. संध्याकाळचा पेपर दहापट भडक निघाला.

"अपेक्षितच होतं," मार्गदर्शक सर म्हणाले. "मोजण्याआधी मजकुरातून माणसांची नावं काढून टाकलीस ना? नाहीतर काही नावं विशेषणं म्हणून मोजली जातात, आकडे बिघडतात."

"संगणकानंच काढली, सर."

काय काय काढलं ते बघावं म्हणून घरी येऊन ती यादी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. संध्याकाळच्या पेपरातून नऊ नावं गेली होती, नऊही बायकांची. प्रतिष्ठित पेपरात त्या नुसत्या 'नऊ कामगार' होत्या. तिथून एकच नाव गेलं होतं, चार वेळा. दुःख व्यक्त करणाऱ्या मालकाचं.

ती यादी मी जशीच्या तशी प्रबंधाला शेवटचा तक्ता म्हणून जोडली.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा तक्ता काढून टाक. संशोधनाला असला भडकपणा शोभत नाही."

"मोजून दाखवा ना, सर," मी म्हणाले. "एक विशेषण सापडलं तरी काढते."