निरोपाच्या दिवशीची हाक

मुलगा म्हणून जन्मलेल्या एका मुलीची जुनी मंगा चित्रकथा मोरिवाकी सरांनी वर्गात पुन्हा वाचून घेतली आणि लगोलग त्या कथेवरचा ॲनिमे चित्रपटही दाखवला. "पुस्तकात ती आरशापुढे चार पानं रडते रे! या चित्रपटवाल्या दगडांनी दोन क्षणांत उरकलं," म्हणत सरांनी डोळे टिपले.

"सर, रुमाल पिळून घ्या," मागच्या बाकावरून अयानो पुटपुटली.

तास संपल्यावर वर्गातली मिनोरी सरांपाशी गेली. "सर, उद्या निरोप समारंभात मला मिनोरी म्हणून पुकाराल? आईबाबांना एकदा तरी ते नाव सगळ्यांसमोर ऐकू दे."

"अगं पोरी, तुझं दुःख माझ्याइतकं कुणाला कळणार? पण दप्तरी कुबोता काझुमा हे मुलाचं नाव आहे ना!"

दुसऱ्या दिवशी सर व्यासपीठावरून एकेक नाव पुकारत होते आणि जो तो 'हजर' म्हणत उभा राहत होता.

"कुबोता काझुमा!"

सरांनी दोनदा पुकारलं. पहिल्या रांगेतली मिनोरी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बसून राहिली.



"गैरहजर," सर माईकवर म्हणाले आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.