ओलं लाकूड

आमच्या गावच्या गॉथिक चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर संत ख्रिस्तोफरचं दोन पुरुष उंच भित्तिचित्र आहे. सकाळी त्याचं तोंड पाहिलं की त्या दिवशी मरण येत नाही, असं आमच्याकडे मानतात. तेरेझियामावशी चाळीस वर्षं रोज तिथे जायची आणि तिचा नवरा लोयझे रोज चिडवायचा, "निघाली बाई हजेरी लावायला!"

यंदा ऑपरेशननंतर तिने अंथरूण धरलं. एका सकाळी ती करवतीच्या आवाजाने जागी झाली. खिडकीसमोरचं नाशपातीचं झाड आडवं झालं होतं. लोयझेच्या बापाने लावलेलं. त्याच्या फळांच्या दारूवर लोयझेचा भारी जीव.

"अरे, डोकं फिरलं का तुझं?"

"सरपण नको का घरात?" घाम पुसत तो आत आला आणि तिच्या पाठीशी उशी लावून त्याने तिला बसतं केलं.

झाड होतं त्या मोकळ्या जागेतून आता चर्चची भिंत दिसत होती. खांद्यावर बाळ घेतलेला ख्रिस्तोफर थेट तिच्याकडेच बघत होता.

तिने छातीवर क्रूसाची खूण केली. मग म्हणाली, "ओलं लाकूड कुठे जळतं का, मूर्खा?"

"वाळेल की दोन वर्षांत," लोयझे म्हणाला. "शेकायला तू पाहिजेस."