पुसलेला उजेड

हरवलेलं गाढव शोधायला रात्री कलहारीच्या वाळवंटात गेलेले आजोबा उजाडलं तरी परतले नव्हते. अख्खं गाव हाका मारत फिरत होतं आणि ओनालेना लॅपटॉपपुढे बसली होती.

"लाज आहे का? आत्ता तारे बघतेस!" आई कडाडली.

"तारे नाही गं, कचरा बघतेय."

अंगणातल्या कॅमेऱ्याने रात्रभर काढलेले फोटो, ताऱ्यावर तारा जुळवून, लॅपटॉपवर एकावर एक रचले, की तारे तेवढे उरतात. इकडेतिकडे हलणारं बाकी सगळं कचरा म्हणून पुसलं जातं. तिने ते फोटो पुन्हा सुटे केले. दक्षिणेच्या टेकडीवर, दर फोटोत थोडा पुढे सरकलेला, विजेरीचा ठिपका.

माणसं तिकडे धावली.

दुपारी पाय मुरगळलेले आजोबा त्याच गाढवावर बसून आले. लॅपटॉपवरचं स्वच्छ आकाश पाहून म्हणाले, "झकास! पण यात मी कुठंय?"

"कचऱ्यात," ओनालेना म्हणाली, आणि आई रडता रडता हसली.