शंभरावं मेंढरू

"आणि मग नव्याण्णव मेंढरं मागे ठेवून शोधायला निघालेल्या त्या मेंढपाळाला आपलं हरवलेलं मेंढरू सापडलं!" असं म्हणत एस्तेरबाईंनी झोकात बायबल उघडलं आणि भराभर पानं उलटली. आत जपून ठेवलेलं लाल फितीचं कापसाचं मेंढरू नव्हतं. बाकीची नव्याण्णव समोरच्या फळ्यावर चिकटवलेली होती.

मागच्या बाकावर परीक्षक रणनवरे सर घड्याळ लावून बसले होते. पन्नाशीत सेमिनरीत ख्रिस्ती शिक्षणाच्या एम.ए.ला बसलेल्या बाईंचा संडे स्कूलमधला हा शेवटचा परीक्षापाठ होता.

"टीचर, ते खरंच हरवलं?" पुढच्या चटईवरच्या चिमुरडीनं विचारलं.

बाईंना खोटं बोलवेना. "हो गं, खरंच हरवलं."

झालं! सगळा वर्ग उठला. चटया उलथल्या, पेटी सरकली, दोघं-तिघं थेट वेदीमागे शिरले. पाठाच्या टाचणात यातलं काहीच नव्हतं. गेले मार्क, असं म्हणता म्हणता बाईंनीही पदर खोचला आणि गुडघे टेकून कपाटाखाली हात घातला.

"सापडलं!" मागून आरोळी आली. रणनवरे सर बाकाखालून रांगत बाहेर येत होते. शर्टाला जळमटं, हातात मेंढरू. बाईंनी त्यांना टाचण दिलं तेव्हा बायबलमधून तिथंच पडलं असणार. पोरांनी नाचून चर्च डोक्यावर घेतलं.

जरा वेळानं सरांनी गुणपत्रक पुढे ओढलं, पण लिहिलं काहीच नाही.

"बाई, तीस वर्षं येशूचा हा मेंढराचा दाखला शिकवतोय," ते अजून धापा टाकत होते, "पण शोधायला आज उठलो."