फवारा पास

घणसोलीच्या नव्या बागेत पाणी वाचवणाऱ्या फवाऱ्यांची सरकारी तपासणी होती. हिरवळीवर ओळीने डबे मांडले होते. सगळ्यांत सारखं पाणी पडलं, की फवारा पास. गावठाणातल्या चांगुणाबाईंनी आपला रिकामा हंडा त्याच ओळीत आणून ठेवला.

“ओ मावशी, उचला तो! टेस्ट चालू आहे,” ठेकेदाराचा इंजिनीअर निखिल ओरडला.

“सकालपासून नल कोरडा हाय आमचा. गवताला मिलतंय, मंग माझ्या हंड्याला का नाय?”

“अहो, सांडपाणी आहे हे, शुद्ध केलेलं. पिणार काय?”

तपासणी अधिकाऱ्याने मान वळवली. “सांडपाण्याने फवाऱ्याची छिद्रं कशी बुजली नाहीत?”

“बुजतात ना सर,” निखिल आवाज खाली आणून म्हणाला. “म्हणून आजच्यापुरती गावठाणाच्या नळाची लाइन जोडलीय.”

“डोकं आहे तुम्हाला,” अधिकारी हसला.

फवारा पास झाला. निखिलने सगळे डबे गटारात रिकामे केले. मग हंड्याच्या तळाशी साचलेलं पाणी गवतावर ओतून त्याने तो चांगुणाबाईंच्या हातात दिला.

“पाणी वाचवायला शिका, मावशी.”